फ्रान्सच्या राजांची चर्मपत्रे जमवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिलावाच्या यादीत ‘चार्ल्स, फ्रान्सचा राजा. चर्मपत्र, जुन्या घड्या, शिक्का नाही’ एवढीच ओळ असते आणि खाली एक छायाचित्र. त्यावर बोली लावावी की नाही हे ठरवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. काळ साधारण १३२८ ते १५१५ असा धरला आहे, म्हणजे फिलिप सहावा गादीवर आला तेव्हापासून लुई बारावा वारला तोपर्यंत. माझे मत सुरुवातीलाच सांगणे बरे: मजकूर वाचल्याशिवाय, किंवा जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय, यातले एकही पत्र विकत घेऊ नये. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख तिकडेच आहे.

राजाच्या नावाचे प्रत्येक पत्र म्हणजे सनद का?

नाही. विक्रेते सरसकट ‘शाही सनद’ म्हणतात, पण राजाच्या दप्तरखान्यातून निघणाऱ्या पत्रांचे ठरलेले प्रकार होते आणि ते ओळखायच्या खुणा पत्राच्या अंगावरच असतात.

सर्वांत मानाची ती खरी सनद. ती कायमच्या गोष्टीसाठी दिली जाई: गावाला बाजार भरवण्याचा हक्क, मठाला जमीन, एखाद्याला सरदारकी, गुन्हेगाराला माफी. ‘आज असलेल्या आणि पुढे होणाऱ्या सर्वांस कळावे’ अशा वळणाने ती सुरू होते. शेवटाकडे ‘हे कायम आणि अढळ राहावे म्हणून आम्ही आमचा शिक्का लावविला आहे’ असे येते आणि लगेच ‘इतर बाबतींत आमचा हक्क आणि सर्वच बाबतींत दुसऱ्यांचा हक्क राखून’ अशी पुस्ती. शिक्का हिरव्या मेणाचा, लाल-हिरव्या रेशमी दोऱ्यांवर लोंबणारा. आणि तारखेत दिवस नसतो, फक्त महिना आणि वर्ष. नवख्याला वाटते की दिवस पुसला गेला असावा. तो मुळात लिहिलेलाच नसतो.

दुसरा प्रकार उघड्या पत्रांचा, ज्यांना फ्रेंचमध्ये लेत्र पातांत म्हणतात. नेमणूक, ठरावीक मुदतीची करमाफी, वसुलीची व्यवस्था असल्या कामांची ही पत्रे. ‘ही पत्रे जे पाहतील त्या सर्वांस’ अशी सुरुवात, न रंगवलेले पिवळसर मेण, चर्मपत्राच्या दुहेरी पट्टीवर टांगलेला शिक्का आणि दिवसासकट पूर्ण तारीख.

तिसरा प्रकार हुकमाचा. अमुक खजिनदाराने अमुक माणसाला इतके पैसे द्यावेत, अमुक न्यायाधीशाने चौकशी करावी, असा एका अधिकाऱ्याला उद्देशून लिहिलेला. यातला शिक्का पत्राच्याच खालच्या कडेतून कापून काढलेल्या चिंचोळ्या पट्टीवर असतो. बाजारात सर्वाधिक दिसतात ते हेच हुकूम, आणि त्यांच्याबरोबरीने पैसे मिळाल्याच्या पावत्या. राजाची खाजगी बंद पत्रे मात्र बहुधा कागदावर असत, म्हणून ती इथे बाजूला ठेवू.

चर्मपत्र कसले असते? ते ओळखायचे कसे?

फ्रान्समधली दप्तरी चर्मपत्रे मुख्यतः मेंढीच्या कातड्याची. कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवून केस काढत, लाकडी चौकटीवर ताणून चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्याने तासत आणि ताणलेल्या स्थितीतच वाळवत. ते कमावलेले चामडे नव्हे. ओलावा लागला की कातडे पुन्हा आपल्या मूळ आकाराकडे ओढ घेते. दोन्ही बाजू सारख्या नसतात. केसांची बाजू किंचित पिवळी आणि बारीक ठिपक्यांची, मांसाकडची बाजू पांढरट. मजकूर बहुधा पांढऱ्या बाजूवर. तिरका प्रकाश टाकला की ठिपके, तासल्याच्या रेषा आणि आखणी दिसते. छापील नक्कल असेल तर यातले काही दिसत नाही.

शाई तपकिरी का?

मायफळ, हिराकस आणि बाभळीच्या जातीचा डिंक यांची ती शाई. लिहिताना काळी, शतकांनी तपकिरी. सगळा मजकूर एकसारखा गडद काळा असेल तर बारकाईने पाहावे, पण तेवढ्यावरून खोटे ठरवू नये. चांगल्या साठवणीतली शाई काळी राहिलेलीही असते.

खाली उजवीकडे जी सही आहे, ती राजाची का?

जवळजवळ कधीच नाही. ती दप्तरातल्या सचिवाची असते, वळणदार फराट्यासह. तिच्या आधी ‘राजाच्या आज्ञेने’, ‘राजाच्या आज्ञेने, सभेत’ किंवा ‘सभेच्या सांगण्यावरून’ अशी नोंद असते. ही नोंद वाचणे फार मोलाचे आहे, कारण पत्र कोणाच्या तोंडून निघाले, त्या वेळी तिथे कोण बसले होते, हे ती सांगते. कधी कधी ड्यूकची, बिशपची नावेही सापडतात. या सचिवांची संघटना होती आणि पॅरिसच्या सेलेस्टिन मठात त्यांचे बंधुमंडळ भरे. त्यांच्या सह्या ओळखता आल्या की पत्राचा काळ पक्का करायला मोठा आधार मिळतो.

राजाने स्वतः सही केलेली पत्रे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भेटू लागतात. पंधराव्या शतकात ती वाढतात, पण त्याच वेळी राजाच्या वतीने त्याच्यासारखी सही करणारे सचिवही असतात. लुई अकराव्याची ‘लोईस’ अशी सही दिसली म्हणून ती त्याच्याच हातची, असे धरून चालू नये.

सनदेची खालची कड वर दुमडलेली असते. त्या घडीवर ‘व्हिझा’ आणि ‘कोंतेंतोर’ असे एकेक शब्द सापडले तर आनंद मानावा. पहिला चॅन्सेलरच्या, म्हणजे दप्तरखान्याच्या प्रमुखाच्या, तपासणीचा; दुसरा दप्तरातल्या व्यवहाराचा. पाठीवर ‘रेजिस्त्राता’ असेल तर नक्कल राजाच्या नोंदवहीत उतरवली गेली होती. मोडीतली कागदपत्रे हाताळणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. शिवकालीन पत्राच्या शेवटचे मोर्तब, ‘सुरू सूद’ आणि ‘बार’ हे शेरे जसे मजकुराइतकेच बोलतात, तसेच हे.

पत्रात नुसते ‘चार्ल्स’ आहे. मग कितवा?

राजे आपला क्रमांक लिहीत नसत. चार्ल्स पाचवा, सहावा, सातवा, आठवा, चौघेही ‘चार्ल्स, देवाच्या कृपेने फ्रान्सचा राजा’ एवढेच. उत्तर तारखेत असते. उघड्या पत्रांत आणि हुकमांत बहुधा दोन वर्षे दिलेली असतात, एक इसवी सनाचे आणि एक राज्यारोहणापासूनचे. दोन्ही जुळली पाहिजेत.

समजा, पत्रावर ‘फेब्रुवारीचा १२ वा दिवस, कृपेचे वर्ष १३९५, आमच्या राज्याचे १६ वे’ असे आहे. चार्ल्स सहावा १६ सप्टेंबर १३८० रोजी गादीवर आला, तेव्हा त्याचे सोळावे वर्ष सप्टेंबर १३९५ ते सप्टेंबर १३९६. राजा ठरला. पण मग फेब्रुवारी १३९५ कसा? तो पंधराव्या वर्षात पडतो. याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे. शिवाय ९५ हा आकडा अनेकदा ‘चार विसा आणि पंधरा’ असा, चार रेघांच्या डोक्यावर दोन फुल्यांसारखी खूण करून लिहिलेला असतो. ती खूण हुकली की वर्षच बदलते.

एक सावधगिरी. १४२० च्या त्र्वाच्या तहानंतर इंग्लंडच्या राजाला फ्रान्सची गादी कबूल झाली आणि १४२२ पासून सहाव्या हेन्रीच्या नावाने ‘फ्रान्स आणि इंग्लंडचा राजा’ अशी पत्रे पॅरिस व नॉर्मंडीतून निघू लागली. त्याच वर्षांत लुआर नदीच्या दक्षिणेकडून चार्ल्स सातव्याचीही निघत होती. दोन दप्तरे, दोन राजे, मुलूख एकच म्हणवलेला. या वर्षांतले साधे पगाराचे पत्रसुद्धा मी दुर्लक्षित करणार नाही.

विक्रेता १४९७ म्हणतो, इतिहासाचे पुस्तक १४९८ म्हणते. खरे कोणते?

दोन्ही असू शकतात. फ्रान्सच्या शाही दप्तरात नवे वर्ष ईस्टरला सुरू होई. ईस्टर दर वर्षी सरकतो, म्हणून जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि काही वेळा एप्रिलचा बराच भाग आदल्या वर्षात मोजला जाई. चार्ल्स आठवा ७ एप्रिल १४९८ रोजी वारला. त्या वर्षी ईस्टर १५ एप्रिलला होता, त्यामुळे त्या काळच्या कारकुनाच्या लेखी तो १४९७ मध्येच वारला. वरच्या उदाहरणातला फेब्रुवारी १३९५ असाच आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १३९६ होतो. १ जानेवारीपासून वर्ष धरण्याचा हुकूम चार्ल्स नवव्याच्या काळात १५६४ मध्ये आला.

जाणकार विक्रेता दोन्ही वर्षे देतो. जो एकच देतो त्याने पत्र वाचले आहे की पाठीवरची जुनी चिठ्ठी उतरवली आहे, हे विचारावे.

फ्रेंच येत नसेल तर वाचता येईल का?

थोड्या सरावाने निदान सांगाडा तरी वाचता येतो: राजाचे नाव, ज्याला पत्र लिहिले तो, रक्कम, ठिकाण, तारीख. साचे ठरलेले असतात, हीच मोठी मदत. फिलिप सहाव्याच्या काळात फ्रेंच बरीच वाढली, जाँ दुसऱ्याच्या काळात सनदांत लॅटिन पुन्हा डोके वर काढते, चार्ल्स पाचव्यापासून फ्रेंच पुन्हा पुढे येते. पूर्ण लॅटिनमधली सनदही उशिरापर्यंत सापडते.

अडचण अक्षराची. भराभर जोडून लिहिलेल्या या अक्षरात इ, उ, न, म ही सगळी सारख्याच उभ्या दांड्यांची असतात आणि शब्द निम्म्यावर तोडून वर आडवी रेघ दिलेली असते. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना या कामाचा धीर आधीपासून असतो. अक्षर सुटे न पाहता शब्दाचे वळण पाहायचे, ही सवय इथेही उपयोगी पडते. पैशांचे मात्र पाठ करून ठेवावे: एक लिव्र म्हणजे २० सू, एक सू म्हणजे १२ दनिए, आणि पॅरिसच्या चलनातले चार लिव्र म्हणजे तूरच्या चलनातले पाच. पत्रात कोणते चलन हे नेहमी लिहिलेले असते.

कोणत्या मजकुराला खरी किंमत?

माझ्या लेखी माफीच्या सनदांना. फ्रेंच राजाच्या सनदांपैकी फार मोठा हिस्सा या माफ्यांचा आहे आणि त्यांतून जेवढी माणसे बोलतात तेवढी दुसऱ्या कशातून बोलत नाहीत. अर्जदाराची हकिकत पत्रात जशीच्या तशी गुंफलेली असते: कोणत्या सणाच्या संध्याकाळी, कोणत्या गुत्त्यात, कोणी कोणाला काय शिवी दिली, चाकू कुठे लागला, जखमी किती दिवसांनी मेला. मग बायको-लेकरांचा भार, आजवरची चांगली वागणूक. मग राजाची दया. पण दया बिनशर्त नाही. मृताच्या घरच्यांची भरपाई करायची असते आणि पत्र स्थानिक न्यायाधीशापुढे मांडून मान्य करून घ्यावे लागते.

कवी फ्राँस्वा व्हीयों याला अशीच माफी मिळाली. ५ जून १४५५ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या भांडणात त्याच्या हातून एक पाद्री मारला गेला. त्याच्यासाठी माफीची दोन वेगवेगळी पत्रे निघाली, दोन वेगळ्या नावांनी, जानेवारी १४५५ ची. म्हणजे आपल्या हिशेबाने जानेवारी १४५६. दिवस नाही, कारण प्रकार सनदेचा. त्या आधी शंभर वर्षे, १३५८ च्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर, ज्यांनी सरदारांची घरे जाळली त्यांना आणि ज्या सरदारांनी सूडापोटी शेतकरी कापले त्यांनाही अशी पत्रे मिळाली. ती दोन्ही बाजूंची एकमेकांशेजारी वाचली की इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद किती गावांचा आणि किती घरांचा होता ते समजते.

सरदारकी देणाऱ्या सनदा लोकप्रिय आहेत आणि महागही. जोन ऑफ आर्कच्या कुटुंबाला चार्ल्स सातव्याने डिसेंबर १४२९ मध्ये मेअँ-स्युर-येव्ह्र इथून सरदारकी दिली, तो याच प्रकारचा दस्तऐवज.

पण साध्या पावत्यांना हलके लेखू नये. ‘मला युद्धखजिनदाराकडून इतके लिव्र मिळाले, माझ्या आणि माझ्या हाताखालच्या घोडेस्वारांच्या पगारापोटी’ असे एखादा स्वार-नायक म्हणतो आणि खाली आपली लहानशी लाल मेणाची मुद्रा लावतो. जाँ दुसरा १९ सप्टेंबर १३५६ रोजी प्वातिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला. त्याच्या सुटकेसाठी ३० लाख सोन्याचे एक्यू ठरले आणि त्यासाठी बसवलेले कर पुढे वर्षानुवर्षे चालले. त्या वसुलीतली दोन ओळींची पावती, राजाचे नाव मोठ्या अक्षरात मिरवणाऱ्या पण मजकुरात पोकळ असलेल्या पत्रापेक्षा मला जास्त प्रिय आहे.

राजाच्या दप्तरातली पत्रे बाजारात आली तरी कशी?

पहिली गोष्ट, सनद ज्याला दिली त्याच्या घरी राहायची. राजाकडे राहायची ती नोंदवहीतली नक्कल. त्यामुळे घराणी बुडाली, मठ बंद झाले, किल्ले विकले गेले की मूळ पत्रे बाहेर पडणे ओघानेच आले.

हिशेबाच्या कागदांची गोष्ट वेगळी. हुकूम आणि पावत्या पॅरिसच्या शांब्र दे कोंत या हिशेबखात्यात साठत. तिथे २७ ऑक्टोबर १७३७ रोजी मोठी आग लागली. मग क्रांती आली. १७ जुलै १७९३ च्या कायद्याने सरंजामी हक्कांची कागदपत्रे जाळण्याचा हुकूम झाला. अनेक गावांत चौकात होळ्या पेटल्या. जे जळले नाही त्यातले पुष्कळ चर्मपत्र तोफांच्या दारूच्या पिशव्या करायला शस्त्रागारांत गेले. पुस्तकबांधणीवाल्यांनी तर त्याआधीपासून जुनी चर्मपत्रे कापून पुठ्ठ्यांवर चढवली होती. म्हणून बाजारात सुईची भोके आणि मधोमध कण्याची घडी असलेले अर्धे हुकूम भेटतात.

काही संग्राहकांनी वाचवलेही. बारों द जूर्सांव्होल याने ब्ल्वाच्या हिशेबखात्यातली ऑर्लेआं ड्यूकांची हजारो पत्रे गोळा केली. त्याच्या मृत्यूनंतर १८३८ मध्ये त्यांची छापील यादी निघून विक्री झाली, आणि बराच भाग ब्रिटिश म्युझियमने घेतला. आजही एखाद्या पत्राच्या पाठीवर त्या संग्रहाचा क्रमांक निघतो. १८२१ मध्ये पॅरिसला एकोल दे शार्त ही संस्था निघाली ती असली पत्रे वाचणारे तयार करण्यासाठी. ती आजही ते काम करते.

शिक्का नाही. मग घ्यावे का?

घ्यावे. बाजारातल्या बहुतेक पत्रांचा शिक्का गेलेला असतो. मधमाशांचे मेण ठिसूळ होते आणि शिक्के जमवणाऱ्यांनी पूर्वी ते कापूनही नेले. खाली छिद्रे, पट्टी किंवा रेशमाचे धागे उरले आहेत का ते पाहावे, कारण त्यांवरून प्रकार ठरतो. रेशीम असून तारखेत दिवस असेल तर मी थांबून विचार करेन.

शिक्का असेल तर तो मोठ्या मुद्रेचा आहे का हे बघावे: सिंहासनावर बसलेला राजा, हातात राजदंड आणि ‘न्यायाचा हात’ म्हणजे टोकाला पंजा असलेला दंड, मागे लहान प्रतिमुद्रेवर लिलीची फुले. चार्ल्स पाचव्याच्या अखेरच्या वर्षांपासून विखुरलेल्या लिलींऐवजी तीनच लिली स्थिर होत जातात. मोठी मुद्रा हाताशी नसेल तर पत्रातच तसे सांगितलेले असते. ‘मोठ्या मुद्रेच्या अनुपस्थितीत’ पॅरिसच्या शातले न्यायालयाची मुद्रा लावली, असे.

‘शाही शिक्क्याखालचे पत्र’ म्हणून घेतले, पण आत दुसऱ्याचेच नाव आहे.

हे वारंवार घडते. दोन शक्यता. एक, ती प्रमाणित नक्कल, जिला व्हिदिमुस म्हणतात. पॅरिसचा प्रेव्हो, म्हणजे राजाचा तिथला न्यायाधिकारी, आपल्या मुद्रेखाली सांगतो की आम्ही राजाचे पत्र पाहिले, ते असे, आणि मग ते शब्दशः उतरवतो. मूळ हरवले असेल तर हीच नक्कल अनमोल. दुसरी शक्यता अशी की तो दोन शेजाऱ्यांमधला जमिनीचा करार आहे, ज्यावर गावच्या शाही मुद्रारक्षकाने शिक्का लावला. तो सुंदर असतो, अभ्यासाला चांगला असतो, पण राजाचे पत्र नव्हे आणि त्या भावाने घेऊ नये.

बनावट पत्रे किती मोठा धोका?

साधा हुकूम मुद्दाम बनवण्याइतका फायदा नसतो, म्हणून तळच्या बाजारात धोका कमी. वर जावे तसा वाढतो. फ्रान्सला याचा मोठा अनुभव आहे. १८४० च्या दशकात व्हर्सायच्या राजवाड्यात क्रूसेडची दालने सजवली जात होती आणि पूर्वज धर्मयुद्धात गेल्याचा पुरावा देणाऱ्या घराण्याची चिन्हे तिथे लागणार होती. लगेच मागणीप्रमाणे चर्मपत्रे ‘सापडू’ लागली: अमुक सरदाराने जेनोआच्या सावकाराकडून कर्ज घेतल्याची. शेकडो निघाली. ती बनावट असल्याचे विसाव्या शतकात नीट सिद्ध झाले. १८६० च्या दशकात व्रँ-ल्युका नावाच्या माणसाने गणितज्ञ मिशेल शाल यांना हजारो खोटी पत्रे विकली, त्यांत क्लिओपात्राचे फ्रेंचमधले पत्रही होते; १८७० मध्ये त्याला शिक्षा झाली. दोन्ही वेळा फसले ते हुशार लोक, कारण त्यांना हवे तेच पत्र समोर आले होते.

आज जास्त दिसते ती अस्सल पत्राची ‘सजावट’: साध्या हुकमाच्या पहिल्या अक्षरात सोने आणि निळा रंग भरलेला, किंवा रिकाम्या कोपऱ्यात घराण्याचे चिन्ह रंगवलेले. सजवलेली आद्याक्षरे अस्सल सनदांत असतात, पण थोड्या आणि मानाच्या सनदांत. पंचवीस लिव्रच्या पगाराच्या हुकमावर राजाचे चित्र कोण काढील? भिंगाखाली रंग घडीच्या भेगेत उतरलेला दिसला तर तो घडी पडल्यानंतर भरला आहे. अतिनील दिव्याखाली खरवडलेली शाई गडद उमटते. बदललेले नाव तिथे उघडे पडते.

नोंदवहीत पडताळून पाहता येते का?

सनद असेल तर पुष्कळदा येते. राजाचा सनदांचा खजिना सँत-शापेलला लागून असलेल्या इमारतीत असे. आज तो पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याच्या नोंदवह्यांना ‘जे जे’ ही खूण आहे. हिमानिस या प्रकल्पात त्यांतल्या पुष्कळ पानांचे हस्ताक्षर संगणकाकडून वाचून घेतले गेले, त्यामुळे नाव टाकून शोध घेता येतो. पावत्या आणि हुकूम यांसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले ‘मूळ कागद’ आणि क्लेरांबो हे संग्रह पाहावेत. बराच भाग गालिका या संकेतस्थळावर फुकट आहे. आपल्याकडच्या पावतीतला नायक तिथल्या दुसऱ्या पावतीत भेटला, तीच मुद्रा, तोच सचिव, की मन निश्चिंत होते.

गुंतवणूक म्हणून कसे?

नको. साधे पत्र काही शे युरोंत मिळते, राजाची सही किंवा सजवलेली सनद त्याच्या कित्येक पट, आणि पुन्हा विकताना गिऱ्हाईक मोजकेच. हस्तलिखितांचे हिस्से हजारो लोकांना विकणारी अरिस्तोफिल ही फ्रेंच कंपनी २०१५ मध्ये बुडाली आणि तिचा साठा २०१७ पासून लिलावात काढावा लागला.

फ्रान्समधून आणताना कायदा काय म्हणतो?

फ्रान्समध्ये सार्वजनिक दप्तरातली वस्तू विकता येत नाही आणि कितीही वर्षे गेली तरी तिच्यावरचा सरकारचा हक्क संपत नाही. घराण्याला दिलेली सनद खाजगी. सरकारी संग्रहातून नाहीसे झालेले पत्र मात्र परत मागितले जाऊ शकते. म्हणून आधीची मालकी लेखी मागावी. सार्वजनिक लिलावात सरकारला अग्रहक्कही असतो: हातोडा पडल्यावर सरकारचा प्रतिनिधी उभा राहून त्याच भावाने वस्तू घेऊ शकतो. ५० वर्षांहून जुने दप्तरी कागद युरोपीय संघाबाहेर नेताना, किंमत कितीही कमी असो, परवाना लागतो. तो विक्रेत्याकडून काढून घ्यावा आणि मूळ प्रत जपावी.

भारतात आल्यावर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. ऐतिहासिक मोल असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तूत मोडते आणि खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी संग्राहकाने पत्र ‘तात्पुरते’ पुण्याच्या घरी आणून ठेवण्यापूर्वी याचा विचार करावा.

मुंबई-पुण्याच्या हवेत ते टिकेल का?

टिकेल, पण लक्ष हवे. चर्मपत्राला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. कोकणपट्टीत पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते, पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी हवा कोरडी ठणठणीत. चर्मपत्राला सर्वांत वाईट हा चढउतार. ते उन्हात टाकलेल्या पापडासारखे मुरडते आणि शाईचे कण सुटतात. आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात, सोबत आर्द्रतामापक ठेवून जपावे. डांबरगोळ्या नकोत, प्लॅस्टिकची घट्ट पिशवी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. घड्या काढायला इस्त्री फिरवली तर कातडे आखडून काचेसारखे होते आणि ते परत येत नाही. ते काम संवर्धकाचे. शिक्का असेल तर त्याच्या आकाराचा खळगा कापलेल्या मऊ फोममध्ये तो टेकवावा, लोंबता ठेवू नये. हातमोज्यांपेक्षा धुतलेले कोरडे हात बरे, कारण बोटांना कड जाणवते.

भिंतीवर लावायचे असेल तर छायाचित्र लावा. मूळ पत्र प्रकाशात फिकटते, आणि चौकटीत बसावे म्हणून दुमडलेली कड कापणारे कारागीर अजून आहेत.

माझ्याकडचे एकच पत्र. अभ्यासकांना त्याचा काही उपयोग?

हो. पुढची बाजू, पूर्ण पाठ, घडीच्या आतला भाग आणि शिक्क्याच्या दोन्ही बाजू यांची मोजपट्टीसह छायाचित्रे काढावीत. पाठीवरच्या सोळाव्या ते अठराव्या शतकांतल्या नोंदी आणि क्रमांक पुसू नयेत. पत्र कोणत्या कपाटातून आले हे बहुधा तिथेच लिहिलेले असते. राजा, ठिकाण, तारीख, ज्याला दिले तो आणि सचिवाची सही एवढे टिपून छायाचित्रांसह संबंधित जिल्ह्याच्या अभिलेखागाराला पाठवावे. फ्रान्समध्ये प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचे अभिलेखागार आहे. एखाद्या गावाच्या करमाफीचे मूळ पत्र तिथे नसेल आणि तुमच्याकडे असेल, तर त्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला नेमके तेच हवे असते.